रस्ता आखण्याआधी जमिनीतला इतिहास कसा शोधायचा?

नवा महामार्ग येणार म्हटलं की गावात आधी मोजणीवाले येतात. भूमी अभिलेखचा माणूस, तलाठी, रस्त्याच्या खात्याचा अभियंता, सल्लागार कंपनीची माणसं आणि ज्यांची जमीन जाणार ते शेतकरी असे सगळे मिळून बांधाबांधाने फिरतात. याला संयुक्त मोजणी म्हणतात. आंब्याची झाडं किती, विहीर बांधीव की कच्ची, पाइपलाइन कुठून गेली, गोठ्यावर पत्रा आहे की कौलं, सगळं लिहून घेतलं जातं, कारण त्याचा मोबदला द्यायचा असतो. गावचं देऊळ असेल तर तेही नोंदतात. पण बांधाच्या कडेला अर्धा मातीत गेलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड, या तक्त्यात कुठेच बसत नाही. तो कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, त्याचे पैसे कुणी मागत नाही, म्हणून त्याला रकाना नाही. आणि ज्याला रकाना नाही ते जेसीबीच्या बकेटमध्ये सगळ्यात आधी जातं.

हे टाळता येतं. त्यासाठी रस्त्याची रेघ कागदावर असतानाच एक वेगळी पाहणी करायची असते. ती कशी करतात, कायदा कुठपर्यंत मदत करतो आणि कुठे थांबतो, हे आपल्याकडच्या उदाहरणांवरून पाहू.

रस्ता आणि जुने अवशेष यांची गाठ वारंवार का पडते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. रस्ता आखणारा अभियंता आज जे बघतो, तेच दोन हजार वर्षांपूर्वीचा तांड्याचा म्होरक्याही बघत होता: चढ कुठे कमी आहे, नदीला उतार कुठे आहे, पुराचं पाणी कुठे चढत नाही. सह्याद्री ओलांडायच्या जागा मोजक्याच. जुन्नरहून कोकणातल्या बंदरांकडे जाणारी वाट नाणेघाटातून काढली गेली ती याच हिशेबाने, आणि सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख त्या वाटेवरच्या लेण्यात कोरला गेला तोही याचमुळे. वाटेवर वस्ती होते, वस्तीजवळ पाणवठा, देऊळ, बाजार, दफनभूमी येते. त्यामुळे सोयीची आखणी जुन्या वस्तीवरून जाण्याची शक्यता नेहमीच मोठी असते.

आता कायदा. केंद्र सरकारचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे आणि त्यात २०१० मध्ये मोठी दुरुस्ती झाली. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित. तिथे नवं बांधकाम नाही, सार्वजनिक कामही नाही. त्यापुढचे २०० मीटर विनियमित. तिथे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतरच परवानगी मिळते. हे अंतर मोजताना एक चूक सहज होते. देवळाच्या भिंतीपासून टेप लावला जातो. कायद्यात मात्र अंतर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून धरलं आहे, आणि ती हद्द भिंतीच्या बरीच बाहेर असू शकते. म्हणून पहिल्याच टप्प्यात पुरातत्त्व खात्याकडून हद्दीचा नकाशा घ्यायचा आणि तो आखणीवर बसवायचा.

याशिवाय राज्याचा १९६० चा कायदा आहे आणि राज्य संरक्षित स्मारकांची वेगळी यादी आहे. मोठ्या महामार्गाला पर्यावरण परवानगी लागते. तिचा अर्ज २००६ च्या अधिसूचनेनुसार भरताना १५ किलोमीटरच्या परिसरात सांस्कृतिक महत्त्वाची संरक्षित ठिकाणं आहेत का, असा प्रश्न विचारलेला असतो.

प्रश्नातला ‘संरक्षित’ हा शब्द सगळा घोळ करतो. देशभरात केंद्र संरक्षित स्मारकं साधारण ३,७०० आहेत. महाराष्ट्रात ती तीनशेच्या आत भरतात, राज्याच्या यादीतली त्याहून थोडी जास्त. महाराष्ट्रात गावं आहेत चाळीस हजारांच्या वर. म्हणजे कितीतरी गावं ओलांडली तरी यादीतलं एखादं ठिकाण लागेलच असं नाही, आणि अहवालात ‘प्रकल्प क्षेत्रात पुरातत्त्वीय स्थळे नाहीत’ असं एक वाक्य लिहून मोकळं होता येईल. कायद्याच्या दृष्टीने ते खोटं नाही. पण त्याचा खरा अर्थ ‘यादीत नाहीत’ एवढाच असतो, आणि तो वाचणाऱ्याला कळत नाही. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे.

मग यादीबाहेरचं कसं शोधायचं? सुरुवात कागदांपासून होते, आणि कागद कुठे शोधायचे हे त्या भागावर पूर्वी कुणाचं राज्य होतं यावर ठरतं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घ्या. नागपूरहून निघून बुलढाण्यापर्यंत तो जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातून जातो. पुढे जालना आणि छत्रपती संभाजीनगर हा निजामाचा मुलूख, आणि नाशिक, अहिल्यानगर, ठाणे हा जुना मुंबई इलाखा. मुंबई इलाख्यासाठी जिल्ह्यांची गॅझेटियर आहेत आणि हेन्री कझिन्स यांनी सुधारून काढलेली, १८९७ साली छापलेली प्राचीन अवशेषांची यादी आहे. तिच्यात तालुक्यागणिक गावातली देवळं, लेणी, शिलालेख, मशिदी नोंदवल्या आहेत. मराठवाड्यासाठी हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे जुने अहवाल पाहावे लागतात. एका रस्त्यासाठी तीन राजवटींची दप्तरं, असा हा मामला आहे. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५३-५४ पासून देशभरातल्या पाहण्यांचा वार्षिक आढावा छापायला सुरुवात केली. अमुक नदीच्या काठी अमुक गावाजवळ ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे माणूस दगडासोबत तांबं वापरू लागला त्या काळातली, खापरं मिळाली, अशा एकेक ओळीच्या नोंदी त्यात हजारोंनी आहेत. त्यातल्या बहुतेक ठिकाणांना कसलंही संरक्षण नाही. डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांमधल्या प्रबंधांत तर एकेका नदीखोऱ्याची पायी केलेली पाहणी सापडते.

पुरातत्त्वाशी संबंध नसलेली महसुली कागदपत्रंही फार उपयोगी पडतात. गावनकाशावर, गटांच्या नावांवर नजर टाकली तर गढीचा मळा, कोटाचं शेत, पांढर, देवीचा माळ अशी नावं दिसतात. ती नुसती उतरवून घेतली तरी कुठे आधी जायचं हे कळतं. त्याहून मोलाची नोंद म्हणजे बेचिराग गाव, म्हणजे महसुली दप्तरात नाव आहे पण वस्ती शून्य. विदर्भात अशा गावाला रिठी म्हणतात. गाव कधी उठलं, पटकीने, दुष्काळाने की लुटालुटीने, हे कुणाला आठवत नसतं, पण जमिनीत ते तसंच असतं. आणि इथे माणसं राहत नसल्याने आखणी करताना ही जागा फार सोयीची वाटते: घरं पाडायची नाहीत, पुनर्वसन नाही, विरोध नाही.

प्रवरेच्या काठचं दायमाबाद हे असंच ओसाड गाव. श्रीरामपूर तालुक्यातल्या या जागेचा शोध बोपर्डीकर यांनी १९५८ साली लावला. पुढे उत्खननात तिथे हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातले आणि त्यानंतरचे, जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीपर्यंतचे थर एकावर एक मिळाले. १९७४ मध्ये एका स्थानिक माणसाला तिथे झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू लागल्या: बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही भरीव, एकत्रित वजन साठ किलोंच्या वर. अशा जागेवर ‘निर्जन, अडथळा नाही’ असा शेरा पडला असता तर काय झालं असतं याचा विचार करून पाहावा.

कागद झाले की पायी फिरायचं. हा भाग टाळला तर बाकी सगळं व्यर्थ. रस्त्याच्या पट्ट्यात आणि दोन्ही बाजूंना थोडं बाहेर, माणसं दहा-वीस मीटरवर ओळीने उभी राहतात आणि जमिनीकडे बघत सरळ चालत जातात. हंगाम महत्त्वाचा. पीक उभं असताना काही दिसत नाही. नांगरट झालेली असावी आणि पहिला पाऊस पडून गेलेला असावा. मग मातीने झाकलेली खापरं धुऊन वर दिसतात. नवी विहीर खणली असेल तर तिच्या कडा बघायच्या, ओढ्याने कापलेली दरड बघायची. नैसर्गिक मातीत राखेचे पट्टे, कोळसा, हाडं, चुन्याची किंवा शेणाने सारवलेली जमीन नसते. ती दिसली तर तिथे माणूस राहत होता.

दख्खनमध्ये सगळ्यात आधी शोधायची ती पांढर. शतकानुशतकं एकाच जागी घरं पडत आणि पुन्हा बांधली जात राहिली की राख, शेण, मातीच्या भिंती साठून टेकाड तयार होतं. आजूबाजूच्या काळ्या रानात ते फिकट, राखाडी दिसतं. नदीच्या वळणावर, पुराच्या वर पण पाण्याच्या जवळ, अशी ही टेकाडं असतात. लोक इथली माती धाब्याच्या घरांवर घालायला नेतात, शेतात खत म्हणून पसरतात. रस्त्याच्या भरावाला तर माती लागतेच, आणि उंचवटा आयता मिळाला की तो आधी उचलला जातो.

टेकाडावर काय दिसतं? समजा एक खापर हाती आलं. चांगलं भाजलेलं, पातळ, चाकावर घडवलेलं, तांबूस-नारिंगी, आणि त्यावर काळ्या रंगात आडव्या-तिरप्या रेषा. नखाने टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. हे जोर्वे पद्धतीचं भांडं, म्हणजे ढोबळमानाने तीन हजार वर्षांपूर्वीचं. शेजारी आतून काळं, बाहेरून तांबडं खापर, मोठ्या आकाराच्या विटांचे तुकडे आणि शंखाच्या बांगड्या असतील तर सातवाहन काळाची शक्यता धरायची. काचेच्या बांगड्या आणि झिलई दिलेली भांडी असतील तर पुढचा काळ. असं खापर उचलून खिशात घालायचं नसतं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, जीपीएसवर जागा, गट क्रमांक, एवढं करायचं आणि खापर जागेवर राहू द्यायचं. किती जागेत किती दाट खापरं पसरली आहेत यावरूनच वस्तीचा पसारा ठरतो.

अशा एका टेकाडातून किती कळू शकतं याचं उत्तर पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावने दिलं. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. शंभराहून जास्त घरं, धान्याचं कोठार, पुराचं पाणी वळवण्यासाठी खणलेला चर आणि त्याचा बांध मिळाला. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं होती, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात बाळ ठेवलेलं. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली होती. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं जगणं आपल्याला एवढ्या बारकाईने माहीत आहे ते अशा मोजक्या जागांमुळे. टेकाड भरावात गेलं असतं तर यातलं काहीही परत मिळवता आलं नसतं.

वीरगळांची गोष्ट वेगळी. ते डोळ्यांसमोर असतात. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा पळवलेल्या गाई सोडवताना झालेली. मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असतो. शिलाहार-यादवांच्या काळातल्या गधेगाळावर दान मोडणाऱ्याला घातलेला शाप कोरलेला असतो आणि कधी त्यावर राजाचं नाव, शक, गावाचं नावही असतं. असे दगड हलवून देवळापुढे ओळीने लावले की ते वाचले असं आपण समजतो. वाचले खरे, पण गधेगाळ ज्या जमिनीच्या दानाबद्दल बोलतो ती जमीन कुठली, वीर कोणत्या वेशीवर पडला, हे त्याच्या जागेवरून कळत होतं. हलवावाच लागला तर आधी मूळ जागेची नोंद, मोजमाप, फोटो आणि लेख असेल तर ठसा हवाच.

विदर्भात पाहायची ती शिळावर्तुळं. नागपूर-काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला मोठ्या धोंड्यांची अशी शेकडो वर्तुळं आहेत. ती लोहयुगातल्या माणसांची दफनस्थळं. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथेही ती खणली गेली आणि लोखंडाची हत्यारं, घोड्याचा साज मिळाला. जमिनीवरून पाहिलं तर माळावर पडलेले धोंडे, एवढंच दिसतं. खडी फोडायला दगड शोधणाऱ्याला ते आयतेच वाटतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. रस्त्याची पाहणी म्हणजे फक्त डांबराच्या रुंदीची पाहणी नव्हे. मुरूम कुठून येणार, खडीची खाण कुठे, हॉट मिक्स प्लांट आणि मजुरांचा कॅम्प कुठे, डंपर कुठल्या वाटेने जाणार, राडारोडा कुठे टाकणार, या सगळ्या जागा पाहाव्या लागतात. पण त्या बहुतेक वेळा ठेकेदार नंतर ठरवतो, तोवर पाहणीचा अहवाल सादर होऊन गेलेला असतो.

कोकणात याची किंमत फार मोठी आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे कातळाचे सपाट माळ, सरकारी भाषेत पडीक. त्याच सड्यांवर हजाराहून जास्त कातळशिल्पं सापडली आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या अंगभर इतर प्राणी कोरलेले आहेत. कातळशिल्पांचे अभ्यासक सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातली बरीचशी चित्रं सडे पायी तुडवून आणि गुराख्यांना, जुन्याजाणत्या माणसांना विचारून शोधली. २०२२ मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी अशी महाराष्ट्रातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं फणसायमाळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काही इंच खोल कोरलेली ही चित्रं गवतात आणि मातीत झाकलेली असतात. चिरेखाणीचं एक यंत्र एका दिवसात ती कापून नेऊ शकतं. इथे पाहणी करायची तर पावसाळ्यानंतर गवत वाळल्यावर, आणि सोबत तिथे गुरं चारणारा माणूस हवा.

यंत्रांचीही मदत होते. लायडारने, म्हणजे हवेतून लेझर सोडून जमिनीचे उंचसखलपण मोजणाऱ्या यंत्राने, झाडीखालचे तट, खंदक, बुजलेले तलाव दिसतात, आणि हल्ली महामार्गाच्या मोजणीसाठी लायडार उडवतातच. तोच डेटा पुरातत्त्वज्ञाला द्यायचा, एवढंच. जमिनीखालच्या भिंती आणि भट्ट्या शोधायला युरोपात चुंबकीय सर्वेक्षण सर्रास करतात. आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय असल्यामुळे दख्खनमध्ये ते वाचणं अवघड जातं. जमिनीतला विद्युतरोध मोजणं किंवा रडार वापरून पाहावं लागतं. शंका पक्की झाली की चाचणी खड्डा, पण तो कुणीही खणायचा नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो.

हे सगळं नीट केलं तर काय घडतं ते इंग्लंडमध्ये केंब्रिज ते हंटिंग्डन या ए-१४ रस्त्याच्या कामात दिसलं. सुमारे ३४ किलोमीटरचं काम. आधी दप्तरं, हवाई छायाचित्रं, चुंबकीय सर्वेक्षण, चाचणी चर, आणि मग २०१६ ते २०१८ मध्ये चाळीसच्या आसपास ठिकाणी उत्खनन. ऐन भरात अडीचशेपर्यंत पुरातत्त्वज्ञ कामावर होते. नवाश्मयुगीन वर्तुळाकार स्मारकं, लोहयुगीन आणि रोमन काळातल्या पंधरा वस्त्या, भांडी भाजायच्या चाळीस भट्ट्या, एक उठून गेलेलं मध्ययुगीन गाव, आणि इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराला बिअर गाळली जात होती याचा पुरावा, एवढं त्या पट्ट्यातून निघालं. रस्ता २०२० मध्ये पूर्ण खुला झाला. पुरातत्त्वाचा खर्च आणि वेळ आधीच वेळापत्रकात धरला होता, म्हणून दोन्ही कामं झाली. तिथे १९९० पासून हा खर्च विकसकाने सोसायचा असा प्रघातच आहे.

स्थळ सापडलं म्हणजे रस्ता बंद, ही भीती खरी नाही. आखणी शंभर-दीडशे मीटर सरकवता येते. पूल उंच करून खांब बाजूला घेता येतात. काही वेळा स्थळावर कापड अंथरून वर भराव टाकतात, ते जमिनीत सुरक्षित राहतं. यातलं काहीच जमलं नाही तर उत्खनन, आणि ते शेवटी, कारण खणलेलं स्थळ पुन्हा खणता येत नाही. फक्त हे पर्याय सुचायला वेळ हाती हवा. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात ३-अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस मिळतात, तेही ज्याचा जमिनीत हितसंबंध आहे त्याला. ३-ड निघाली की जमीन केंद्र सरकारची. त्यानंतर आखणी सरकवायची म्हणजे नव्याने भूसंपादन, आणि ते कुणालाच नको असतं. म्हणून पाहणी ३-अ च्या आधीच व्हायला हवी.

कितीही शोधलं तरी कामात काही ना काही लागतंच. अशा वेळी यंत्र थांबवायचं, भोवती दोरी लावायची, वस्तू धुवायची-घासायची नाही, अभियंत्याला आणि तहसीलदारांना कळवायचं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. महामार्गांच्या करारांतही अशा वस्तू सरकारच्या मालकीच्या असं कलम असतं. पण पोकलेन उभा राहिला तर त्याचं भाडं कोण देणार, मुदतवाढ मिळणार का, हे करारात स्पष्ट नसेल तर ऑपरेटर बकेट फिरवून मोकळा होतो. त्याला दोष देऊन भागत नाही. थांबलेल्या यंत्राचे पैसे आणि कळवणाऱ्या मजुराला बक्षीस, या दोन ओळी करारात असल्या तर निम्म्या वस्तू वाचतील असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्या गावातून रस्ता जाणार असेल तर तुम्हीही बरंच करू शकता. पर्यावरण परवानगी लागणाऱ्या प्रकल्पाची जनसुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि तिची सूचना किमान तीस दिवस आधी निघते. नवी जमीन न घेता होणाऱ्या रुंदीकरणाला मात्र ही सुनावणी लागत नाही. सुनावणीत ‘आमच्या गावाला मोठा इतिहास आहे’ असं सांगून उपयोग नसतो. गट क्रमांक, जीपीएसवरची जागा, मोजपट्टीसह फोटो, आखणीपासूनचं अंतर आणि जमलं तर ग्रामसभेचा ठराव, असं लेखी द्यायचं. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाला, आणि प्रत्येकाची पोच घ्यायची. सुनावणीच्या इतिवृत्तात गट क्रमांकासह मुद्दा नोंदला गेला की प्रकल्पाच्या अंतिम अहवालात त्याला उत्तर द्यावं लागतं.